जाळलेला कचरा कुठे जातो?

कचऱ्याला काडी लावली की थोड्याच वेळात ढीग नाहीसा होतो. जागा मोकळी दिसते, घाण वास जातो, माश्या हटतात. म्हणून पुष्कळ वस्त्यांत सकाळची झाडलोट झाली की गल्लीच्या तोंडाशी किंवा नाल्याच्या काठावर कचरा पेटवला जातो. पण तो ढीग गेला कुठे? थोडा राखेत राहिला. बाकीचा धूर होऊन पत्र्याच्या फटीतून, उघड्या दारातून, खिडकीतून आपल्याच घरात शिरला आणि आपल्या छातीत जाऊन बसला. घराबाहेर टाकलेली वस्तू संपत नाही, ती फक्त जागा बदलते. आजच्या धड्यात एवढेच समजून घ्यायचे आहे.

शहरात राहताना निसर्गाची हानी कमी करून कसे जगावे, याबद्दल हल्ली खूप बोलले जाते. त्याला शाश्वत जीवनशैली असे भारदस्त नाव आहे. हे बोलणे ऐकताना वस्तीतल्या माणसाला वाटते, हे मोठ्या इमारतींत राहणाऱ्यांचे काम. आमच्याकडे गाडी नाही, एसी नाही. आम्ही काय वाचवणार? हा प्रश्न खरा आहे. दहा बाय बाराच्या खोलीतले कुटुंब मोठ्या फ्लॅटमधल्या कुटुंबापेक्षा कितीतरी कमी कचरा करते. जुन्या लुगड्याची गोधडी, तेलाच्या डब्याची कुंडी, मोठ्याचा शर्ट धाकट्याला, ही काटकसर आपल्या आयांनी गरिबीतून शिकून आपल्याला दिली आहे. पण कचरा कमी असला तरी त्याचा धूर आपल्याला सर्वांत जवळ आहे. गल्ली अरुंद, छप्पर खाली, हवा खेळत नाही. म्हणून वस्तीच्या दृष्टीने हा विषय आधी आरोग्याचा आहे.

धुरात काय असते?

कोणत्याही धुरात अतिशय बारीक कण असतात. आपल्या डोक्याचा केस जेवढा जाड, त्याच्या तिसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहूनही लहान. नाकातले केस, घशातला कफ यांना ते अडवता येत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातात आणि काही तर रक्तातही उतरतात. त्यामुळे खोकला आणि दमा वाढतोच, पण हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो.

त्यात काय जळते यावर विष ठरते. नेहमी जाळल्या जाणाऱ्या काही वस्तू पाहू.

*प्लास्टिकच्या पिशव्या, वेष्टने, दुधाच्या पिशव्या.* यांतून काजळी, विषारी वायू आणि बारीक कण निघतात. पुष्कळ घरी आंघोळीचे पाणी तापवण्याची चूल पेटवायला दुधाची पिशवी वापरतात. ती पटकन पेट घेते हे खरे. पण चुलीपाशी बसणारी बाई तो पहिला, सगळ्यांत दाट धूर रोज सकाळी श्वासात घेते.

*वायरी, पाइपचे तुकडे, रेक्झिन, जुन्या चपला.* यांतले पुष्कळ सामान पीव्हीसीचे असते. पीव्हीसी जळाले की डोळे आणि घसा झोंबवणारा आम्लाचा वायू निघतो. त्यासोबत डायॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षे साठून राहते आणि कर्करोगाला कारण ठरते. तांब्यासाठी वायर जाळणे हे सगळ्यांत वाईट, कारण तांब्यामुळे हे विष अधिक तयार होते. वायर सोलून तांबे काढावे, जाळून कधीही काढू नये.

*टायर.* थंडीत रात्री शेकोटीला टायर घातला की तो तासन्‌तास जळतो. त्याच्या काळ्या धुरात गंधकाचे वायू आणि बेंझिनसारखी कर्करोगकारक द्रव्ये असतात.

*प्लायवूडचे आणि रंगवलेल्या लाकडाचे तुकडे.* फर्निचरच्या दुकानातून फुकट मिळतात म्हणून आपण ते चुलीत घालतो. प्लायच्या डिंकात रसायने असतात आणि जुन्या रंगात शिसे असू शकते. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. चुलीसाठी साधे, न रंगवलेले लाकूड वापरावे. पेटवणासाठी नारळाची शेंडी, करवंटी किंवा कोरा पुठ्ठा पुरतो.

*झाडाची पाने.* पाने नैसर्गिक आहेत, त्यांनी काय होणार, असे वाटते. पण त्यांच्या धुरातही तेच बारीक कण असतात. विहाराच्या अंगणातला पिंपळपाचोळाही जाळू नये. त्याचा फार चांगला उपयोग आहे, तो पुढे येईल.

थंडीच्या दिवसांत पहाटे हवा जड होऊन खालीच थांबते. त्या वेळी जाळलेल्या कचऱ्याचा धूर वर न जाता वस्तीवर पसरून राहतो. हिवाळ्यात मुलांचा खोकला लवकर हटत नाही, त्याचे एक कारण हेही असते. नाकाला ओला रुमाल बांधला की धूर लागत नाही, हा गैरसमज आहे. रुमालाने धूळ अडते, विषारी वायू आणि बारीक कण अडत नाहीत. धुरापासून दूर जाणे आणि धूर न करणे, हेच दोन उपाय.

मुलाचा श्वास मोजायला शिका

लहान मूल मोठ्या माणसापेक्षा जलद श्वास घेते. म्हणून तेवढ्याच वेळात त्याच्या वजनाच्या मानाने जास्त धूर त्याच्या छातीत जातो. सर्दी-खोकला झालेल्या मुलाला न्यूमोनिया आहे का, याचा अंदाज घेण्याची एक साधी रीत आरोग्यसेविकांना शिकवतात. ती प्रत्येक आईला आणि आजीला यायला हवी.

मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, त्याचा सदरा वर करा. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा.

- दोन महिन्यांपेक्षा लहान बाळ: मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास
- दोन महिने ते एक वर्ष: 50 किंवा जास्त
- एक ते पाच वर्षे: 40 किंवा जास्त

एवढे श्वास भरले तर ताबडतोब दवाखाना गाठा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध किंवा पाणी घेत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, झटके येत असतील किंवा मूल हाक मारूनही जागे होत नसेल, तर रात्र असली तरी थांबू नका, रुग्णालयात न्या. मोठ्या माणसाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर त्याचा दोष धुरावर टाकून बसू नये. क्षयाची तपासणी सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात मोफत होते. दम्यासाठी डॉक्टरांनी पंप दिला तर तो घ्यावा. पंपाची सवय लागते ही भीती खोटी आहे.

आपण कचरा जाळतो का?

कोणी हौसेने जाळत नाही. घंटागाडी आत येत नाही, कुंडी भरून वाहते, दोन दिवस कचरा घरात राहिला की वास सुटतो, उंदीर येतात. मग टाकणार कुठे? नाल्यात, नाहीतर आगीत.

पण वास नेमका कशाला सुटतो ते पाहा. पुठ्ठ्याला सुटत नाही, बाटलीला सुटत नाही. वास सुटतो भाजीच्या देठांना, खरकट्याला, मासळीच्या काट्यांना. आपण हे सगळे एकाच पिशवीत कोंबतो. मग ओल्यामुळे सुका कचरा भिजतो, भंगारवाला तो घेत नाही, आणि अख्खी पिशवी घाण होते. ओला कचरा वेगळा ठेवला तर सुका कचरा आठवडाभर कोपऱ्यात राहिला तरी त्रास देत नाही. आणि ओला थोडासाच उरतो, त्याची रोजच्या रोज सोय लावता येते. मग जाळायची वेळच येत नाही. वर्गीकरणाचा सगळा फायदा या एका गोष्टीत आहे.

लहान घरात चार जागा

चार मोठे डबे ठेवायला जागा कोणाकडे आहे? त्याची गरजही नाही.

*ओला कचरा:* झाकणाचा एक छोटा डबा मोरीजवळ. आत कागद अंथरा. भाजी-फळांच्या साली, चहाचा चोथा, अंड्याची टरफले, खरकटे. चहाचा चोथा आणि खरकटे चाळणीत निथळूनच टाका. पाणी गेले की वास निम्मा होतो.

*सुका कचरा:* खुंटीला टांगलेली गोणी किंवा जुनी कापडी पिशवी. कागद, पुठ्ठा, बाटल्या, पत्र्याचे डबे, काच. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका, तो पिशवीलाच लटकलेला राहू द्या. सुटे तुकडे गटारात जातात. पिशवी विसळून वाळवली की भंगारात चालते. वेफर आणि गुटख्याची चकचकीत पाकिटे मात्र भंगारवाला घेत नाही, कारण त्यांत प्लास्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात. ती वेगळी भरून घंटागाडीत द्या. आणि खरे तर ती घरात कमी यावीत हेच बरे, तब्येतीसाठीही.

*सॅनिटरी कचरा:* सॅनिटरी पॅड, बाळाचे डायपर, जखमेच्या पट्ट्या. कागदात घट्ट गुंडाळा आणि कागदावर लाल पेनाने मोठा ठिपका काढा. कचरा हाताने निवडणाऱ्या बाईला तो उघडावा लागू नये, म्हणून पुण्यातल्या कचरावेचकांनी लाल ठिपक्याची ही मोहीम चालवली.

*घातक कचरा:* उंच फळीवर, मुलांचा हात पोहोचणार नाही असा एक डबा. त्यात जुने सेल, मुदत संपलेली औषधे, ब्लेड, खराब झालेले चार्जर. तुटलेली ट्यूबलाइट उघड्या हाताने गोळा करू नका; आत पारा असतो. दार-खिडकी उघडा, मुलांना बाहेर काढा, पुठ्ठ्याने तुकडे उचला, ओल्या कागदाने जागा पुसा आणि सगळे कागदात बांधून वर कचरा काय आहे ते लिहा. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावा आणि दवाखान्यात विचारून द्या.

बादलीतले खत

शहराच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला कचरा असतो. तो डम्पिंगच्या ढिगात दाबला गेला की हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन हा पेट घेणारा वायू निघतो. तोच कचरा हवा मिळेल असा कुजवला तर त्याचे खत होते. त्यासाठी शेत लागत नाही, रंगाची रिकामी 20 लिटरची बादली पुरते.

1. खिळा तापवून बादलीच्या तळाला आणि बाजूंना भोके पाडा. हे काम उघड्यावर करा. बादली सावलीत दोन विटांवर ठेवा.
2. तळाला चार बोटे जाडीचा सुका थर द्या: वाळलेली पाने, नारळाची शेंडी, सुतारकामाचा साधा भुसा. प्लायचा भुसा नको.
3. त्यावर दिवसाचा निथळलेला, बारीक केलेला ओला कचरा टाका. त्याच्या दुप्पट सुका पाला वर पसरा.
4. पहिल्या दिवशी मूठभर जुने खत किंवा झाडाखालची माती, नाहीतर थोडे आंबट ताक घाला. कुजवणारे जीवाणू त्यातून मिळतात.
5. दर तीन दिवसांनी काठीने वर-खाली करा. झाकणावर दगड ठेवा, म्हणजे उंदीर येणार नाही.
6. बादली भरली की बाजूला ठेवा आणि दुसरी सुरू करा. दीड-दोन महिन्यांत काळसर, पावसाच्या मातीसारख्या वासाचे खत होते.

मूठभर घेऊन पिळून पाहा. पिळलेल्या फडक्याएवढा ओलावा असावा. पाणी ठिबकले, घाण वास आला किंवा अळ्या झाल्या, तर घाबरू नका. सुका पाला घाला आणि हलवा. मटण, मासळी, हाडे आणि तेलकट उरलेले अन्न या बादलीत घालू नका. बोंबलाचे काटे कागदात गुंडाळून घंटागाडीतच द्या.

घरात बादलीलाही जागा नसेल तर आठ-दहा घरांनी मिळून विहाराच्या आवारात एक पिंप ठेवावे. पिंपळाचा पाचोळा तिथे आयताच मिळतो. खत तिथल्याच झाडांना घालता येते. ढवळण्याची पाळी मात्र आधी ठरवून घ्यावी, आणि ती पुरुषांना व तरुण मुलांनाही असावी. नाहीतर हे आणखी एक काम बायकांच्याच अंगावर पडेल.

पाणी, डास आणि उंदीर

फेकलेली वस्तू जाळली नाही तरी रोग देते. करवंटी, चहाचा कप, टायर, फुटकी कुंडी यांत पावसाचे पाणी साचते. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साध्या, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नळ रोज येत नाही म्हणून आपण पिंप भरून ठेवतो, तिथेही हेच घडते. आठवड्यातून एक दिवस पिंप पूर्ण रिकामे करून आतल्या कडा घासा. नुसते पाणी ओतून चालत नाही, कारण अंडी कडेला चिकटून सुकी असतानाही महिनोन्‌महिने टिकतात. तोंडाला कापड घट्ट बांधा. ताप आला तर मनाने अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

पिशव्यांनी गटार तुंबले की काय होते, हे मुंबईने 26 जुलै 2005 ला पाहिले. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसाला कोणतेच गटार पुरले नसते. पण प्लास्टिकने अडलेल्या नाल्यांनी पाणी अधिक तुंबले. साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते आणि पायाच्या लहानशा जखमेतूनही लेप्टोचे जंतू आत शिरतात. अशा पाण्यातून चालत आलात तर पाय साबणाने धुवा आणि 72 तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे असते, म्हणून गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. ताप, पोटऱ्यांत जबर दुखणे, लाल डोळे ही लेप्टोची लक्षणे आहेत.

हा कचरा कोणाच्या हातात जातो?

मुंबईत देवनारचे डम्पिंग ग्राउंड 1927 साली सुरू झाले. त्याच वर्षी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एकीकडे माणूस म्हणून पाण्याचा हक्क मागितला जात होता आणि दुसरीकडे शहराची घाण गरिबांच्या शेजारी ओतली जाऊ लागली होती. आज देवनारच्या आसपास गोवंडी, शिवाजी नगर, बैंगनवाडी या दाट वस्त्या आहेत. 2016 च्या जानेवारीअखेर त्या ढिगाला मोठी आग लागली. आत साठलेल्या मिथेनमुळे असा ढीग आतल्या आत धुमसत राहतो, वरून पाणी मारून लवकर विझत नाही. धूर मुंबईभर पसरला, आसपासच्या काही शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शहराला तो काही दिवसच दिसला. शेजारच्या वस्त्यांना तो नेहमीचाच आहे.

झाडू मारणारे, गटारात उतरणारे, ढिगात हात घालून निवडणारे हात कोणत्या समाजाचे आहेत, हे आपल्याला सांगावे लागत नाही. जातीने हे काम माथी मारले होते, आणि अजूनही त्यातले पुष्कळ लोक आपल्यातलेच आहेत. पुण्यात 1993 साली कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. पुढे 2008 मध्ये त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम सुरू केले. त्यात बहुसंख्य स्त्रिया आणि त्याही बहुतांश दलित समाजातील. या भगिनींना वेगळा केलेला सुका कचरा मिळाला तर त्याचा भाव जास्त येतो, काच हाताला लागत नाही, पाठीवरचे ओझे हलके होते. आपण घरात दोन मिनिटे घालवून वेगळे करतो, तेव्हा तिचे ढिगाऱ्यात वाकून बसण्याचे तास वाचतात.

म्हणून जयंतीच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ आठवून पाहा. 14 एप्रिलला, बुद्ध पौर्णिमेला आपण मोठ्या प्रेमाने भोजनदान करतो. थर्माकोलच्या ताटांवर आणि प्लास्टिकच्या चमच्यांवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, तरी ती कुठून ना कुठून येतातच. कागदी कपालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. दुसऱ्या दिवशी तो उकिरडा उचलायला जो येतो, तो बहुधा जय भीम म्हणणाराच असतो.

यावर एक साधा उपाय आहे. विहाराने वर्गणीतून शंभर-दोनशे स्टीलची ताटे, वाट्या आणि पेले घ्यावेत. बारसे, लग्न, पुण्यानुमोदन, वाढदिवस, ज्याला लागतील त्याने न्यावेत, घासून परत करावेत, थोडे भाडे द्यावे. काही कार्यक्रमांतच खर्च भरून निघतो. घासणावळीची पाळी तरुण मंडळाने घ्यावी.

वस्तू शेवटपर्यंत वापरणे ही धम्मातही नवी गोष्ट नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी भन्ते आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला शंका आली की एवढ्या वस्त्रांचे हे भिक्खू करणार काय, दुकान घालणार? आनंदांनी सांगितले की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस. जुन्या पलंगपोसांच्या गादीच्या खोळी, खोळींचे जमिनीवरचे अंथरूण, अंथरुणाचे पायपुसणे, पायपुसण्याचे झाडण्याचे फडके. आणि फडकेही झिजले की त्याचे तुकडे चिखलात मळून जमीन सारवायला. राजाची शंका फिटली आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आपल्या आजीची गोधडी याच रीतीतली आहे.

गाडी येत नसेल तर

घरात कितीही वेगळे केले आणि गाडीच आली नाही, तर सगळे फुकट. म्हणून दुसरी बाजूही धरली पाहिजे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घराघरात वर्गीकरण करण्याचे आणि कचरा न जाळण्याचे बंधन आपल्यावर घातले. त्याच नियमांनी झोपडपट्ट्या आणि अनौपचारिक वस्त्यांसह प्रत्येक घरातून वेगळा केलेला कचरा गोळा करण्याची जबाबदारी पालिकेवर टाकली. वस्ती अधिकृत नाही, गल्ली अरुंद आहे, हे त्यावरचे उत्तर होत नाही. गाडी येत नसेल तर हातगाडी येऊ शकते.

पैसे नाहीत हेही उत्तर होत नाही. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या एका वॉर्डातील रहिवासी उघड्या गटारांच्या आणि घाणीच्या त्रासाने न्यायालयात गेले होते. नगरपालिका म्हणाली, निधी नाही. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकले नाही. लोकांच्या आरोग्याचे मूलभूत काम टाळण्यासाठी पैशांची सबब चालणार नाही, असा निर्णय दिला. पुढे 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ हवा आणि पाणी हे संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात येते असे सांगितले. कलम 47 लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवते.

हा हक्क कागदावरून गल्लीत आणायचा तर एकट्याने तोंडी तक्रार करून उपयोग नाही. महिला मंडळाने किंवा विहार समितीने वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्यावा. गल्लीचे नाव, घरांची संख्या, गाडी कोणत्या तारखांना आली नाही, हे त्यात लिहावे. घरोघरच्या सह्या घ्याव्यात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. पंधरा दिवसांत काही झाले नाही तर ती पोच जोडून वरच्या अधिकाऱ्याकडे जावे. आणि मुकादमाशी बोलताना हे लक्षात ठेवावे की आपले भांडण झाडू मारणाऱ्या माणसाशी नाही. त्याला हातमोजे, बूट आणि पुरेशी माणसे मिळावीत, हेही आपल्याच अर्जात लिहावे.

या महिन्यात करायचे

पहिला आठवडा: घरात काहीही जाळायचे नाही. चुलीसाठी शेंडी-करवंटी साठवायची.
दुसरा आठवडा: ओल्याचा डबा आणि सुक्याची गोणी वेगळी. लाल ठिपका सुरू.
तिसरा आठवडा: पाच घरांनी मिळून एक बादली लावायची. पिंप घासण्याचा वार ठरवायचा.
चौथा आठवडा: गाडी आल्या-न आल्याची नोंद घेऊन वॉर्ड ऑफिसचा अर्ज लिहायचा.

रविवारच्या वंदनेनंतर या प्रश्नांवर बोलावे:

1. आपल्या गल्लीत कोणत्या वेळी, कोणत्या जागी आणि काय जाळले जाते? का?
2. त्या जागेपासून सर्वांत जवळच्या घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा दम्याचा रुग्ण आहे का?
3. गेल्या जयंतीला किती ताटे फेकली गेली आणि ती कोणी उचलली?
4. बादली ढवळण्याची, ताटे घासण्याची आणि अर्ज घेऊन जाण्याची जबाबदारी कोण कोण घेईल? नावे फळ्यावर लिहा.

शेवटचा प्रश्न नावांवाचून सोडू नका.